दहा ओळींचा रियाज

‘काहीतरी हटके सुचव ना!’ हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो? मग मूडची वाट बघणं सोडा. सुचण्याचीही सवय लावता येते!

सोमवारची मीटिंग. एसी फुल्ल. टेबलावर चहाचे कागदी कप आणि समोर पांढराशुभ्र व्हाइटबोर्ड. बॉस मार्कर हातात घेऊन म्हणतो, “चला, काहीतरी आउट ऑफ द बॉक्स येऊ द्या!” आणि नेमकं त्याच क्षणी सगळ्यांचं डोकं ब्लँक. कोणी पेन फिरवतंय, कोणी मोबाइल उलटा करून ठेवतंय. आयटीवाले असोत, बँकवाले असोत की मार्केटिंगवाले, हा सीन सगळीकडे सेम टु सेम.

मी जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिते. म्हणजे मला पगार मिळतो तोच मुळी सुचण्याचा. पण आमच्या धंद्यातही एक लाडका समज आहे की कल्पना ही वीज पडावी तशी अचानक पडते. त्यासाठी मूड लागतो, माहोल लागतो, रात्रीचे दोन वाजावे लागतात वगैरे वगैरे. हे लाड इतकी वर्षं चालले. मग एआय आलं. क्लायंट म्हणायला लागले, “पहिला ड्राफ्ट आम्हीच काढलाय, तुम्ही फक्त नजर टाका.” आमची सात जणांची टीम बघता बघता तिघांवर आली. कुकर बनवणारा एक जुना क्लायंट तर सरळच म्हणाला, “मॅडम, मशीन देतं तेच तुम्ही देणार असाल, तर तुम्हाला पैसे कशाला मोजायचे?”

प्रश्न रास्त होता, आणि कॉन्ट्रॅक्ट संपायला तीन महिने उरले होते.

पहिल्या पाच कल्पना सगळ्यांच्याच

जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या सहकाऱ्यांना जाहीरपणे सुनावलं की, तुम्ही बुद्धी मोजता, पण सर्जनशीलतेकडे कोणी बघतच नाही. पुढे त्याच्या नावाने एक चाचणी गाजली. एखादी साधी वस्तू घ्यायची, समजा वीट, आणि तिचे जमतील तेवढे उपयोग सांगायचे. भिंत बांधायला, दार अडवायला, कागद उडू नयेत म्हणून... इथपर्यंत सगळे येतात. मजा त्यानंतर सुरू होते. गिलफर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९५७ मध्ये दिसलं की जसजसा वेळ जातो, तसतशी उत्तरं जास्त वेगळी, कमी लोकांना सुचणारी येऊ लागतात.

म्हणजे सुरुवातीला जे सुचतं ते आपलं नसतंच. ते सगळ्यांचं असतं. आपण तिथेच थांबतो आणि म्हणतो, ‘मी काही क्रिएटिव्ह नाही बाबा!’

आता याला २०२४ चा एक प्रयोग जोडून बघा. ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात तो आला होता. काही जणांना छोटी गोष्ट लिहायला सांगितली. त्यातल्या काहींना एआयकडून आयडिया घ्यायची मुभा दिली. एआयवाल्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त चांगल्या वाटल्या. मात्र त्या गोष्टी एकमेकींसारख्याही जास्त होत्या! एकेकट्याचा फायदा झाला, पण सगळ्यांची भाजी एकाच मसाल्याची. अशा वेळी सातवी, आठवी, नववी कल्पना ज्याच्याकडे असेल त्याचा भाव वाढणार, हे साधं गणित आहे. फक्त तिथपर्यंत रोज पोहोचायचं कसं?

पोस्टातला कादंबरीकार, पेपरातला कॉमन मॅन

अँथनी ट्रोलॉप हा १९व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. हा माणूस पोस्टात नोकरी करायचा, तीही फुल टाइम. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ, आणि दर १५ मिनिटांना २५० शब्द हा हिशोब. वेळेवर उठवायला त्याने घरच्या एका म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा लावले होते! पोस्टाच्या कामासाठी रेल्वेने सतत प्रवास, म्हणून त्याने डब्यात मांडीवर ठेवून लिहिता येईल अशी पाटी करून घेतली आणि १८५७ मध्ये आलेल्या ‘बारचेस्टर टॉवर्स’चा बराचसा भाग धावत्या गाडीत पेन्सिलने खरडला. एकूण कादंबऱ्या ४७. लोकलमध्ये रील्स बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हा जरा टोचणारा आकडा आहे.

आपल्याकडचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलने प्रवेश नाकारला होता. त्याच लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘यू सेड इट’ची चौकट सुरू केली आणि पन्नासहून जास्त वर्षं चालवली. छोटीशी चौकट, त्यात चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन, आणि डोक्यावर डेडलाइन. आज मूड नाही, असं दुसऱ्या दिवशीच्या पेपराला सांगता येत नाही.

खरं तर आपल्या गाण्यात हे आधीपासूनच आहे. गायक पहाटे उठून तोच खर्ज, तेच पलटे घोटतो. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल इतकं तेच तेच. पण संध्याकाळी मैफलीत तो जी ऐनवेळची जागा घेतो आणि आपण ‘क्या बात है’ म्हणतो, ती त्या कंटाळ्यातूनच येते. ज्याचा गळा पलट्यांनी तयार झालाय, त्यालाच मोकळं उडता येतं. मग सुचण्याचा रियाज का असू नये?

२१ दिवसांचा फंडा विसरा

कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, हे तुम्हीही ऐकलं असेल. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं की, पेशंटला स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ गळला, चेहराही गळला, आणि उरला तो फंडा.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. रोज ठरावीक वेळी एक छोटी गोष्ट करायची, जशी नाश्त्यानंतर काहीतरी. ती आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले. पण कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला! यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे बुधवारी राहिलं म्हणून गुरुवारी वही कपाटात टाकायची गरज नाही. तेव्हा टेन्शन नही लेने का!

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी आणखी एक सोपी युक्ती मांडली. ‘मी रोज लिहीन’ असं म्हणू नका. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवा. वेळ आणि जागा आधीच ठरली की मनाशी वाद घालावा लागत नाही.

ठाणे ते घाटकोपर

मी ठरवलं ते असं : गाडीने ठाणे सोडलं की वही उघडायची आणि घाटकोपर यायच्या आत दहा ओळी लिहायच्या. विषय एकच. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, खोडायचं नाही. फोर्थ सीट मिळाली तर वही, उभं राहावं लागलं तर मोबाइल. शेजारच्या काकू पहिल्या आठवड्यात डोकावून बघायच्या, नंतर त्यांनीच विषय पुरवायला सुरुवात केली.

कुकरवर पहिल्या पाच ओळी काय आल्या असतील? आईच्या हातची चव, वेळेची बचत, झटपट, सुरक्षित, ‘प्रेम शिजतं’. मशीननेही क्लायंटला हेच दिलं होतं! रोज तेच पाच मुद्दे आधी यायचे. ते एकदाचे सांडून टाकले की मगच पुढचं दिसायचं. एका सकाळी आठव्या ओळीला माझ्या वहीत आलं, ‘तीन झाल्या की बंद कर!’ आंघोळीला जाताना घरातलं कोणीतरी ओरडून सांगतं ते वाक्य. मग ऐकणारा शिट्ट्या मोजायला विसरतो आणि नंतर ‘दोन झाल्या की तीन?’ यावर घरात परिषद भरते. ही गंमत मराठी घरात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही.

प्रेझेंटेशनमध्ये ती ओळ वाचली, तेव्हा तो क्लायंट हसला आणि म्हणाला, “हे आमच्याकडे रोज होतं!” कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाने वाढलं. आम्ही तिघं जण अजून त्याच टेबलावर आहोत. गेलेले चौघं मात्र परत आले नाहीत, हेही खरं. दहा ओळींनी बाजार बदलत नाही. बाजारात उभं राहायला पायाखाली थोडी स्वतःची जमीन मिळते, इतकंच. आणि हिशोब सांगायचा तर तीन महिन्यांत सहाशेच्या आसपास ओळी झाल्या. कामाला आल्या चार. बाकीच्या पलटे होत्या.

ट्राय करून बघा!

आधी एकेकटे, मग एकत्र : ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द गाजवला अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या जाहिरातवाल्याने. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासलं, तेव्हा चौघं एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना चौघं वेगवेगळे बसून काढतात असं दिसलं. कारण मीटिंगमध्ये एक बोलत असताना बाकीचे नंबर लावून बसतात आणि डोक्यातलं विसरतात. म्हणून आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहा.

अडलं की चाला : स्टॅनफर्डच्या २०१४ च्या अभ्यासात चालताना लोकांना बसल्यापेक्षा सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या, भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही! पण एकच अचूक उत्तर शोधायचं असेल तर बसलेलं बरं. तेव्हा कॅम्पेनसाठी फेरी मारा, एक्सेल शीटसाठी खुर्चीत बसा.

एआय शेवटी : आपल्या दहा ओळी झाल्यावरच मशीनला विचारा. त्याच्या यादीत आपली जी ओळ नाही, तिच्याखाली रेघ मारा.

वेळ छोटी ठेवा : चहा उकळेपर्यंत, लिफ्ट येईपर्यंत, दोन स्टेशनांपुरती. मोठा संकल्प केला की तो जानेवारीतच आटोपतो.

उद्या सकाळी चहाचं आधण ठेवलंत की सुरू करा. विषय सुचत नसेल तर दाराबाहेरची चप्पल चालेल. तिचे दहा उपयोग लिहा, आणि पाचव्यानंतर थांबू नका.