काळ्या मातीला हवा पाचोळा
उज्जैनमध्ये घरच्या बागेसाठी स्वस्त आणि खरोखर उपयोगी सेंद्रिय खत कुठे मिळेल, आणि कशावर पैसे खर्चू नयेत

महाशिवरात्रीच्या आसपास उज्जैनमध्ये दोन गोष्टी ढिगांनी मिळू लागतात. कडुनिंब आणि पिंपळ जुनी पानं टाकतात, गल्ल्या पाचोळ्यानं भरून जातात. त्याच सुमारास देवळादेवळांतून झेंडू, गुलाब आणि बेलपत्रांचं निर्माल्य निघतं. पाचोळ्याचे ढीग जागोजागी पेटवले जातात. आणि नेमक्या याच दिवसांत गच्चीवर मिरच्या-टोमॅटो लावणारी माणसं रोपवाटिकेतून सेंद्रिय खताच्या पिशव्या विकत आणतात. ज्या वस्तूला आपण काडी लावतो, तिचंच कुजलेलं रूप पैसे मोजून घरी आणायचं, हा व्यवहार थांबवता येतो. त्यासाठी माती आणि खत या दोन्हींचं थोडं रसायन समजून घ्यावं लागतं.

आधी मातीची गरज ओळखा

माळव्याची काळी माती आणि महाराष्ट्राची काळी माती यांचं मूळ एकच: दख्खनच्या लाव्हारसातून बनलेला बेसाल्ट खडक. त्याच्या झिजेतून स्मेक्टाइट गटातली खनिजं तयार झाली. ती पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आक्रसतात. म्हणून शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात. कुंडीत हीच माती ओली असताना पाणी वर तुंबवते आणि वाळली की गोळा होऊन कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी मुळांना न भेटता कडेनंच खाली वाहून जातं.

या मातीचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो, म्हणजे ती अल्कधर्मी आहे. पालाश तिच्यात बहुधा पुरेसा असतो. कमी असतात ते सेंद्रिय कर्ब, नत्र आणि बऱ्याच ठिकाणी जस्त. एवढं कळलं तरी बाजारातले आणि घरगुती उपायांतले निम्मे पदार्थ यादीतून वगळता येतात. चुना, अंड्याची टरफलं आणि लाकडाची राख आम्ल मातीसाठी आहेत. इथं ती सामू आणखी वर नेतात किंवा नुसतीच पडून राहतात. हाडांच्या चुऱ्यातला स्फुरद विरघळायला आम्लता लागते, त्यामुळे आपल्या मातीत तो झाडाला फारसा मिळत नाही. केळीच्या सालींच्या पाण्यातून मिळतो तो मुख्यतः पालाश, जो काळ्या मातीत आधीच आहे. चिकण माती भुसभुशीत व्हावी म्हणून मूठ-दोन मूठ वाळू घालण्याचाही उपयोग होत नाही. फरक पडायला वाळू इतकी लागते की कुंडीत मातीला जागाच उरत नाही.

या मातीला खरी भूक आहे ती सेंद्रिय कर्बाची. मातीतले जिवाणू आणि बुरशी हा कर्ब खातात. त्या प्रक्रियेत जिवाणूंच्या अंगातून पाझरणारे चिकट पदार्थ आणि बुरशीचे तंतू चिकणमातीचे सूक्ष्म कण एकत्र बांधून त्यांचे रवे करतात. रव्यांच्या आत पाणी टिकतं आणि रव्यांच्या मधल्या फटींतून हवा खेळते. मुळांना दोन्ही लागतं. कुठल्याही रासायनिक दाण्यानं हे काम होत नाही.

पंचावन्न किलोमीटरवरचं संशोधन

वाया जाणाऱ्या काडीकचऱ्यातून हा कर्ब मातीत परत कसा न्यायचा, याची शास्त्रशुद्ध पद्धत उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, होळकरांच्या इंदुरात तयार झाली. १९२४ मध्ये तिथं इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री स्थापन झाली. तिचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायन विभागातले त्यांचे मुख्य साहाय्यक होते यशवंत वाड. १९३१ मध्ये या दोघांच्या नावानं ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर पोचली. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचं नाव सगळीकडे येतं. मुखपृष्ठावर त्यांच्या बरोबरीनं छापलेलं वाड यांचं नाव मात्र मराठी वाचकांनाही क्वचितच माहीत असतं. ते माहीत असायला हवं.

त्यांच्यापुढची अडचण साधी आणि आजही ओळखीची होती. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जात होता. शेतासाठी शेण कमी आणि काडीकचरा भरपूर. म्हणून त्यांनी कमीत कमी शेणात जास्तीत जास्त काडीकचरा कुजवण्याचं गणित बसवलं. कपाशीच्या नि तुरीच्या टणक काड्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरल्या जात. मग तण, पाला, थोडं शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचले जात. ओल राखून ढीग तीनदा परतला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून ढीग जमिनीवर रचत. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली होती. त्या जागेवर आज इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे.

कर्ब आणि नत्राचा हिशेब

इंदूर पद्धतीचा गाभा म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर. जिवाणूंना कर्ब ऊर्जेसाठी लागतो आणि नत्र शरीर बांधण्यासाठी. सुरुवातीच्या मिश्रणात एक भाग नत्राला २५ ते ३५ भाग कर्ब असेल तर कुजणं वेगानं होतं. कर्ब फार जास्त असेल तर ढीग महिनोन्‌महिने तसाच राहतो. नत्र जास्त झालं तर ते अमोनिया होऊन उडून जातं. त्यात ओलही जास्त असली की हवा अडते आणि दुर्गंधी सुटते.

घरच्या प्रमाणात हे मांडून पाहू. भाजीची देठं-सालं पाच किलो घेतली, तर त्यात चार किलो पाणीच असतं. उरलेल्या एक किलोत साधारण ४०० ग्रॅम कर्ब आणि २५ ग्रॅम नत्र. गुणोत्तर झालं १६. त्यात दोन किलो वाळका पाचोळा मिसळला, तर सुमारे ८६० ग्रॅम कर्ब आणि १६ ग्रॅम नत्र वाढतं. एकूण गुणोत्तर येतं ३० च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्याला वास येतो, त्यात अळ्या होतात, म्हणून अनेक जण खत करणं सोडून देतात. त्यांच्या डब्यात बहुतेक वेळा हा पाचोळाच कमी पडलेला असतो. एक बादली ओल्या कचऱ्याला हातानं चुरलेला पाचोळा किमान दोन बादल्या, हे प्रमाण लक्षात ठेवलं तरी पुरतं.

एक मर्यादा मात्र ओळखून असावं. सुमारे एक घनमीटरपेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही. मोठा ढीग ६० अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि त्यात तणांचं बी, रोगजंतू मरतात. गच्चीवरच्या पिंपात तसं होत नाही. म्हणून रोगट झाडं आणि बी धरलेलं तण पिंपात टाकू नये, आणि खताला तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागला तर घाई करू नये.

उज्जैनमध्ये काय मिळतं

सर्वात मोठा साठा निर्माल्याचा आहे. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार महाकालेश्वर मंदिरात रोज ७५ हजार ते एक लाख भाविक येतात आणि फुलं व इतर मिळून ५ ते ६ टन कचरा निघतो. तो वेगळा गोळा करून रोज तीन टन क्षमतेच्या प्रकल्पात त्यावर प्रक्रिया होते. शिव अर्पण बचत गटातल्या १६ महिलांना या फुलांपासून वस्तू बनवण्याचं काम मिळालं आहे. कचऱ्याचं खतही होतं आणि ते शेतकऱ्यांकडे जातं. पण शहरात लहान देवळं आणि घरोघरचे देव्हारे अगणित आहेत. तिथलं निर्माल्य आपल्याच पिंपात जाऊ शकतं. हाराचे दोरे, जरीचे नि प्लास्टिकचे तुकडे आधी काढावेत. शेंदूर लागलेली फुलं वेगळी ठेवावीत. काही शेंदरात शिशाचं संयुग असतं आणि शिसं पालेभाजीतून पोटात जाऊ शकतं.

दुसरा साठा या शहराचा खास आहे. उज्जैन पोह्याच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि गिरणी म्हटली की भाताचं तूस आलंच. तुसात सिलिका भरपूर असल्यानं ते सावकाश कुजतं. खत म्हणून त्याची किंमत कमी, पण चिकण माती मोकळी ठेवायला ते उत्तम. काळी माती, कुजलेलं खत आणि तूस समान भाग घेतलं की कुंडीत पाणी तुंबत नाही. नारळाचा काथ्या लांबून विकत आणण्याची गरज पडत नाही.

तिसरा साठा चहाच्या टपरीवरचा चोथा. वाळल्यावर त्यात सुमारे चार टक्के नत्र असतं. साखर असल्यानं मुंग्या येतात. म्हणून आधी पाण्यातून काढून वाळवावा. चौथा साठा शेतांचा. माळवा सोयाबीनचा प्रदेश आहे. मळणीनंतरचा भुसा आणि चैत्रात गव्हाची नरवाई म्हणून जाळली जाणारी काडी, दोन्ही कर्बाचे भरघोस स्रोत आहेत. गोशाळेतलं शेण स्वस्त मिळतं, पण ताजं कुंडीत घालू नये. त्यातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी येतं.

शेण कमी असेल तर कोल्हापूरचे शेतीप्रयोगकर्ते श्री. अ. दाभोलकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराचा विचार उपयोगी पडतो. त्याच विचारातून वाढलेला ‘अमृत मिट्टी’चा प्रयोग शेजारच्या देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या बजवाडा गावात झाला. दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ घालून ते काही दिवस ढवळतात, मग दहापट पाण्यात मिसळून त्यात पाचोळा भिजवतात. या पाण्यातलं नत्र अगदी थोडं असतं. त्याचं काम विरजणाचं: गुळावर वाढलेले जिवाणू पाचोळ्यापर्यंत पोचवणं. म्हणून ते खताऐवजी वापरू नये, खत करण्यासाठी वापरावं.

पिशवीवरची किंमत वाचताना

विकत घ्यायचंच असेल तर किलोचा भाव न पाहता नत्राचा भाव काढावा. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात किमान १ टक्का नत्र हवं आणि ओल १५ ते २५ टक्के असू शकते. म्हणजे ५० किलोच्या पिशवीत दहा किलोच्या आसपास पाणी आणि निदान अर्धा किलो नत्र. मोहरीच्या किंवा कडुनिंबाच्या पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असतं. तेवढंच अर्धा किलो नत्र दहा किलो पेंडीत मिळतं. तेव्हा पेंड किलोला पाचपट महाग असली तरी नत्राच्या हिशेबानं भाव सारखाच. पेंडीतून नत्राच्या मानानं कर्ब मात्र कमी मिळतो. त्यामुळे शहाणपणाची खरेदी अशी: कर्ब फुकट गोळा करायचा आणि नत्र कमी पडलं तर तेवढ्यापुरती पेंड विकत घ्यायची. तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाण्यात मिसळून ती द्यावी. कोरडी पेंड कुंडीत कुजताना मुळांना इजा करते.

खत घरचं असो वा विकतचं, वापरण्याआधी मुगाची परीक्षा घ्यावी. एका कुंडीत नेहमीची माती आणि दुसरीत खत मिसळलेली माती घेऊन दोन्हींत दहा-दहा मूग पेरावेत. खताच्या कुंडीत मूग कमी उगवले किंवा रोपं वाकडीतिकडी आली, तर खत कच्चं आहे किंवा त्यात काही घातक उरलं आहे.

शेवटचा मुद्दा वेळेचा. श्रावण-भाद्रपदात महाकालाच्या सवाऱ्या निघतात, बेलपत्रांचा आणि फुलांचा पूर येतो, पण तेव्हा वाळकं पान हाती लागत नाही. म्हणून फाल्गुनातला पाचोळा पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवायला हवा. एका घराला हे जमतं, तसं वॉर्डालाही जमेल. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा इथं जमणाऱ्या निर्माल्यापुढे आजचे आकडे लहान वाटतील आणि ते कुजवायला कित्येक पट कोरडा कर्ब लागेल. महापालिकेनं आतापासून दर वॉर्डात पाचोळा साठवण्याची जागा द्यावी, पाचोळा जाळण्याला खरोखर आळा घालावा, आणि देवळांच्या फुलांचं खत नत्र-कर्बाच्या तपासणीचे आकडे छापून पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत शहरातल्या घरांना विकावं. ज्या माळव्यानं जगाला कंपोस्टाचं शास्त्र शिकवलं, तिथल्या माणसानं एका मिरचीच्या रोपासाठी महाग पिशवी शोधत फिरावं, याला काहीच कारण नाही.