तेरपासून बंदरापर्यंत, आणि हायड्रोजन

तेर म्हणजे प्राचीन तगर. इथलं कापड बैलगाड्यांनी, अवघड वाटेनं भडोचच्या बंदरात जाई आणि पुढे जहाजानं पश्चिमेकडे, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. आज असाच जहाजानं दूर न्यायचा माल म्हणजे हायड्रोजन. पण कापडाचे गठ्ठे बांधता येतात, हायड्रोजनचे नाहीत. तो इतका हलका वायू आहे की तसाच भरला तर जहाज जवळजवळ रिकामंच जाईल.

एक उपाय म्हणजे त्याला उणे 253 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करणं. जपानचं ‘सुइसो फ्रंटियर’ जहाज 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाहून असा माल घेऊन कोबेला पोहोचलं. पण एवढं थंड करण्यातच त्यातली सुमारे 30 टक्के ऊर्जा खर्च होते.

हवेतला नायट्रोजन जोडून अमोनिया केला तर उणे 33 अंश पुरतात. नवल म्हणजे एक घनमीटर द्रव अमोनियात सुमारे 120 किलो हायड्रोजन मावतो, खुद्द द्रव हायड्रोजनच्या घनमीटरात जेमतेम 71. अमोनिया विषारी आहे, हे मात्र विसरता येत नाही. शिवाय त्यातून हायड्रोजन परत काढायला पुन्हा बरीच उष्णता लागते.

टोल्युइनसारख्या द्रवात हायड्रोजन बांधला तर तो साध्या तापमानाला तेलवाहू जहाजातून नेता येतो. वजन मात्र फार वाढतं.

माझ्या मते सध्या अमोनियाच सरस, आणि तोही शक्यतो न फोडता वापरावा. खतासाठी तो तसाच लागतो. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात युरिया त्यापासूनच बनतो, फक्त तिथला अमोनिया आजवर नैसर्गिक वायूपासून होत आला आहे.