इसार कोण देतो, ते आधी बघा

शेतीच्या पानावर आज नाचाची गोष्ट कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण अलीकडे ज्या गावात पीक पाहणीला जावं, तिथं एखादी तरी मुलगी खळ्यात मोबाईल उभा करून लावणी बसवताना दिसते. बाप बोंडअळीचं विचारतो. आई मात्र चहा देताना हळूच विचारते, साहेब, मुंबईला नाचाची निवड असते म्हणे, पोरीला एकटीला पाठवावं का?

पाठवावं, असं माझं मत आहे. ऐन सुगीत बरोबर जायचं म्हणजे आणखी एका माणसाचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. कोरडवाहू घराला हे दर खेपेला परवडत नाही, म्हणून पुष्कळ मुलींचं जाणंच राहतं. मुलगी सज्ञान असेल, गाडी कळत असेल, तर एकटी जाऊ द्या. मात्र कांदा मार्केटला नेताना आपण आधी भाव, अडत, तोलाई विचारून घेतो, तसंच इथंही विचारून घ्या. ऑडिशन म्हणजेही बाजारच आहे.

या बाजाराचा पहिला नियम आपल्याला चांगला ठाऊक आहे. पाडव्याच्या सुमारास यात्रा कमिटीची मंडळी नारायणगावला जातात. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. बैठक होते, घासाघीस होते, तारीख आणि सुपारी ठरते, इसार दिला जातो आणि कागद होतो. आता सांगा, इसार कोण देतं? गाव देतं. ज्याला नाच हवा, तो पैसे देतो. नाचणाऱ्या बाईनं कमिटीला पैसे मोजले, असं कधी ऐकलंय का? मग मुंबईहून फोन आला की हा नियम आपण का विसरतो?

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका घरात हेच घडलं. मुलगी बारावी झालेली, अंगात ताल असलेली. तिनं मोबाईलवर टाकलेला नाच बघून फोन आला की मालिकेसाठी तुमची निवड झाली आहे, ओळखपत्र आणि फोटोंच्या अल्बमसाठी साडेतीन हजार आजच पाठवा, उद्या जागा भरेल. वडलांनी आठवडी बाजारात शेळी विकली आणि पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी तो फोन बंद. मुलगी चार दिवस जेवली नाही. नाच हुकल्याचं तिला तेवढं नव्हतं, शेळीचं होतं.

तेव्हा हे पक्कं धरा. खऱ्या ऑडिशनला नाचणारीकडून पैसे मागत नाहीत. नोंदणी, कार्ड, अल्बम, ड्रेसची अनामत, नाव काहीही असो, पैसे मागितले की फोन ठेवा. पांढऱ्या भिंतीपुढं, रंगरंगोटी न करता मोबाईलवर काढलेले चार फोटो पहिल्या खेपेला पुरतात. पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता राहते, दोन दिवसांनी ती फारशी उरत नाही. गुन्हेगार मुंबईत म्हणून तक्रारही मुंबईतच द्यावी लागते, असंही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवण्याची तरतूद आहे. पोलीस पाटलांनी हे ध्यानात ठेवावं.

ही मुलगी पुढं पाच महिन्यांनी खऱ्या ऑडिशनला गेली, आणि एकटी गेली. गाव ते सोलापूर एसटी. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे तो खर्च हलका झाला. पुढं रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. आरक्षण आठवडाभर आधी केलं होतं. जाणाऱ्या मुलींना एक कायदाही माहीत हवा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३९ प्रमाणे एकटीनं प्रवास करणाऱ्या स्त्रीला तिकीट नाही म्हणून रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचं तर दिवसा, आणि तेही जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण अशाच जागी. याचा अर्थ फुकट जा असा नाही. तिकीट हरवलं तर घाबरून अंधाऱ्या स्टेशनवर उतरू नका, एवढाच. रेल्वेच्या मदतीचा फोनही १३९ च आहे, लक्षात ठेवायला सोपं.

पहाटे दादरला उतरून ती थेट रस्त्यावर गेली नाही. बायकांच्या प्रतीक्षालयात बसली, तोंड धुतलं, दशमी-चटणी खाल्ली आणि उजाडल्यावर निघाली. दादरच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे ते सलग आहेत. त्याआधी मुंबई सोडून आलेल्या काकांनी सांगितलेला मध्य रेल्वेचा फलाट आता तिथं नसणार. पूल ओलांडून पश्चिमेच्या लोकलनं अंधेरी, बायकांच्या डब्यातून. अंधेरीहून मेट्रोनं वर्सोवा. सिनेमा-मालिकांची निवड करणारी पुष्कळ कार्यालयं तिथल्या आरामनगर भागात आहेत.

सकाळी आठला रांगेत उभी राहिली, नंबर लागला तेव्हा चार वाजून गेले होते. नाच दीड मिनिटाचा. म्हणून मुलींनो, गाणं आधीच कापून ठेवा. सुरुवातीची लांबलचक ढोलकी ऐकवत बसलात तर तुमची अदाकारी येईपर्यंत वेळ संपेल. जोरकस कडव्यापासून सुरू करा. दुसरं एक वेगळ्या चालीचं गाणं तयार असू द्या, कारण लावणी बघून झाली की आणखी काय येतं, असं विचारतात. तिला तसंच विचारलं, तिनं कोळीनृत्य केलं. फरशी गुळगुळीत असते, घरच्या शेणाच्या जमिनीवर बसलेला पाय तिथं घसरतो. सिमेंटच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात चाळ बांधून आठवडाभर सराव करून जा. आणि रांगेत आठ तास बसल्यावर अंग आखडतं, बैल जुंपण्याआधी चालवतो तसं अंग थोडं हलवून घ्या.

पत्ता ऐनवेळी बदलला, रात्रीची वेळ दिली किंवा लॉजच्या खोलीवर बोलावलं, तर जायचं नाही, सरळ स्टेशन गाठायचं. उतरायची सोय आम्ही करतो म्हणणाऱ्याचीही सोय घ्यायची नाही. अडचण आली तर ११२.

तिची निवड झाली नाही. कळवतो म्हणाले, कळवलं नाही. त्या दौऱ्यात साडेतीन हजारांच्या निम्मेही खर्च झाले नाहीत, आणि बाजार बघून झाला. आता ती पुन्हा जाणार आहे.

निवड झाली तर पुढं कागद येतो, आणि तिथं गावातली जाणती माणसं कामाला यावीत. फडाच्या करारात रक्कम, तारीख, उरलेले पैसे कधी, हे जी कमिटी बारकाईनं बघते, तिनं गावच्या मुलीचा कागदही एकदा वाचायला हवा. किती दिवस, रोज किती, राहणं-जेवण कोणाचं, पैसे कधी. विठाबाई नारायणगावकर यांनी राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला, सारा महाराष्ट्र गाजवला, आणि २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा परिस्थिती हलाखीची होती. टाळ्या-शिट्ट्यांनी म्हातारपण निघत नाही, हे आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल तर बालकामगार नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांवर काम देता येत नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत थेट जमा व्हावा लागतो. आईबापांनी हे मागून घ्यावं.

राहिला गावाचा प्रश्न. यात्रेत पहिल्या ओळीत बसून फेटा उडवणारेच पारावर विचारतात, अमक्याची पोरगी मुंबईला कशाला गेली? हे बरं नव्हे. त्या बोलण्याच्या भीतीनं घरचे लोक गुपचूप पाठवतात, कुठं गेली हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. सरपंच किंवा पोलीस पाटलाकडं ठिकाणाचा पत्ता, बोलावणाऱ्याचा नंबर आणि परतीची गाडी लिहून ठेवली असेल, तर मुलगी एकटी असूनही एकटी राहत नाही. ग्रामसेवकांचं पद २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात हाक मात्र तीच आहे. तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांना एवढीच विनंती, अशी कोणी मुलगी दाखला मागायला आली तर कशाला हवा हे जरूर विचारा, पण दाखला त्याच दिवशी द्या. तिची गाडी रात्रीची असते.