हिरवा ठिपका आणि गोठ्यातला खोंड

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की शाकाहारी माणूस निर्धास्त होतो. कायद्याच्या दृष्टीनं त्या ठिपक्याचा अर्थ असा : प्राण्यापासून आलेलं सगळं मांसाहारी, अंडंसुद्धा, पण दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना सूट. ही सूट ज्यांना मान्य नाही, त्यांच्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि वेगळं हिरवं चिन्हही आणलं. ही माणसं मांस-मासे-अंडी तर खात नाहीतच, पण दूध, तूप, मधही घेत नाहीत. चामडं, रेशीम आणि लोकरही शक्यतो टाळतात. त्यांना व्हीगन म्हणतात.

पंगतीत एखाद्या मुलीनं पुरणपोळीवर तूप नको म्हटलं की वाढणारा हात थबकतो आणि चर्चा सुरू होते. आक्षेप बहुधा ठरलेले असतात. त्यांतले काही रास्त आहेत, काही ऐकीव. या लेखात सगळ्यांना सारखी जागा मिळणार नाही, कारण मोठा गैरसमज एकच आहे आणि तो दुधाचा आहे.

‘दूध काढलं म्हणून गायीला कुणी मारत नाही’

धार काढताना कुणी मारत नाही, हे खरं. पण गाय ‘दूध देते’ असं आपण म्हणतो, तेव्हा ती आधी व्यालेली असते हे सोयीस्करपणे विसरतो. गाय साधारण २८० दिवस गाभण राहते, म्हैस त्याहून महिनाभर जास्त. व्याली की पान्हा फुटतो, दहाएक महिने दूध मिळतं, मग ती आटते. गोठा चालवायचा तर व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा गाभण जायला हवी. आज हे काम अनेक ठिकाणी कृत्रिम रेतनानं होतं. म्हणजे दुधाच्या प्रत्येक हंगामामागे एक वासरू असतं, आणि निसर्गाच्या हिशेबानं त्यातली निम्मी वासरं नर.

पूर्वी खोंड झाला तरी शेतकऱ्याला आनंद होई. दोन-तीन वर्षांत तो औताला जुंपता येई, बाजारात त्याला भाव असे. ट्रॅक्टर आला आणि ती गरज संपत गेली. त्यातून होल्स्टीन-जर्सीच्या संकरित खोंडाला नीट वशिंड नसतं, ऊन सोसत नाही. त्याला जुंपून फारसा उपयोगही नाही. अशा खोंडाचं काय होतं? २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवर्गातल्या माद्या साडेचौदा कोटी भरल्या आणि नर पावणेपाच कोटीही नाहीत. २०१२ च्या तुलनेत माद्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या, नर ३० टक्क्यांनी घटले. जन्माला जवळजवळ समान येणाऱ्या प्राण्यांत तीनास एक हे प्रमाण आपोआप पडत नाही. कुणी पुरेसं दूध न मिळाल्यानं पहिल्या काही आठवड्यांतच संपतो, कुणी रात्री गावाबाहेर सोडला जातो, कुणी दलालाच्या टेम्पोत चढतो. त्याच गणनेत देशभर पन्नास लाखांच्या आसपास मोकाट गुरं नोंदली गेली.

सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून तर लिंगनिश्चित रेतमात्रांवर अनुदान दिलं जातं : जवळपास नव्वद टक्के कालवडीच जन्माव्यात, नर जन्मालाच येऊ नये. दुग्धव्यवसायानं आपली अडचण इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे मान्य केलेली नाही.

‘पण आपल्याकडे गोहत्याबंदी आहे ना?’ आहे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी आली आणि मार्च २०१५ पासून ती बैल-वळूंनाही लागू झाली. म्हशी आणि रेडे मात्र तिच्या बाहेर आहेत. देशातलं निम्म्याच्या जवळपास दूध म्हशीचं असतं. मुंबईकरांना तर चहाला म्हशीचंच लागतं. म्हैस आटली किंवा रेडकू नर निघालं, तर त्याची वाट कायदेशीरपणे कत्तलखान्याकडे जाते, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. हा दुधापासून वेगळा, दुसऱ्याच कुणाचा धंदा आहे असं समजणं ही आपली सोय आहे. तेच जनावर आहे, फक्त आयुष्याचा टप्पा वेगळा.

इथे एक दुरुस्ती व्हीगन मंडळींसाठीही. समाजमाध्यमांवर फिरणारे परदेशी फार्मचे व्हिडिओ दाखवून ‘तुमचं दूध असं येतं’ म्हणणं चूक आहे. आपल्याकडे अजूनही दोन-चार जनावरांचे गोठे भरपूर आहेत. तिथे वासराला आधी पाजतात, गायीला नाव असतं, ती आजारी पडली तर घरातल्या बाईला रात्रभर झोप नसते. ही माया खोटी नाही. पण भाकड गाय आणि नको असलेला खोंड हा प्रश्न सर्वांत मायाळू गोठ्यालाही सुटलेला नाही. देशी गायीचं ‘ए-टू’ म्हणून महाग दूध विकत घेतल्यानंही तो सुटत नाही. तिलाही व्यावंच लागतं.

‘धार काढली नाही तर कास ठणकते’ हा मुद्दा खरा आहे. मात्र वासराच्या भुकेच्या कितीतरी पट दूध देणारी गाय निसर्गानं नाही, माणसानं निवडून निवडून घडवली, आणि ते दूध ओढणाऱ्या वासराला बाजूला बांधणाराही माणूसच. खरवसाचंही तसंच. वासराला रोगप्रतिकारक द्रव्यं आईच्या पोटात मिळत नाहीत; ती चिकातून आणि पहिल्या दिवसभरातच मिळावी लागतात. चीक वासराला पाजून उरला तर गोष्ट वेगळी. शहरातल्या दुकानांत बारमाही मिळणाऱ्या खरवसाबद्दल मात्र वासराला पुरेसा चीक मिळाला का, हा प्रश्न मनात यायला हरकत नाही.

‘हे गोऱ्यांचं फॅड आहे’

संघटना म्हणाल तर हो. पहिली व्हीगन सोसायटी १९४४ मध्ये इंग्लंडात निघाली. विचार मात्र आपल्याला परका नाही. वसुबारसेला अनेक मराठी घरांत उपास करणाऱ्या बायका गहू-मुगाबरोबर गायीचं दूध-दही-तूपही वर्ज्य करतात. ज्या दिवशी गाय आणि वासरू यांची एकत्र पूजा, त्या दिवशी तरी त्या दोघांच्या मध्ये यायचं नाही, असा अर्थ मी त्यातून घेतो.

गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना दूध सोडलं. त्यामागे आहाराचे प्रयोग होते, तसं गायी-म्हशींवर होणाऱ्या फुक्याच्या क्रूरतेबद्दल समजलेलंही होतं. पान्हा सोडावा म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकण्याचा तो प्रकार. १९१८ मध्ये ते आमांशानं मरणाच्या दारात पोचले, तेव्हा मुंबईत डॉक्टरांनी दूध घ्या म्हणून सांगितलं आणि कस्तुरबांनी तोड काढली : व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं घ्या. ते त्यांनी घेतलं. पण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा मोडला, ही टोचणी आत्मचरित्रात कबूल करून ठेवली. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय ते पुढेही शोधत राहिले आणि तो त्यांना सापडला नाही. वनस्पतींतून भरवशानं न मिळणारं जीवनसत्त्व बी-१२ प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं ते १९४८ मध्ये, त्यांची हत्या झाली त्याच वर्षी.

फुका थांबला का? १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा ठरवला, दोन वर्षांपर्यंत कैद. पुढे त्या जागी पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आलं. त्याच कायद्यात जनावराला मारहाण करणं, उपाशी ठेवणं, कोंबून नेणं यांसाठी पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये.

‘मग ताकद कुठून येणार?’

हा प्रश्न आईचा असतो, म्हणून टिंगल न करता उत्तर द्यावं.

प्रथिनांची काळजी बहुतेक वेळा अनाठायी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम असतात, शेंगदाण्यात त्याहून थोडी जास्त, सोयाबीनमध्ये आणखी जास्त. वरण-भात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी या जोड्या जिभेसाठी तर आहेतच, पण धान्यात जे अमायनो आम्ल कमी ते डाळीत भरपूर, असाही त्यांचा मेळ आहे. खरी गडबड होते ती डाळीचं पाणी आणि ढीगभर भात खाण्यानं, आणि ती दूध पिणाऱ्यांच्या घरातही होते.

कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम भरतं, गायीच्या तेवढ्याच दुधात सुमारे १२०. तिळात तर हजाराच्या वर. पण इथे तक्ता वाचून हुरळून जाऊ नये. नाचणी-तिळातली फायटेटं आणि पालकातली ऑक्झॅलेटं कॅल्शियम धरून ठेवतात, त्यामुळे दुधातलं शरीराला अधिक सहज मिळतं. नाचणीला मोड आणून सत्त्व करण्याची आपली रीत यावरचा बऱ्यापैकी उतारा आहे. पालकाचा कॅल्शियमसाठी भरवसा धरू नये. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला आलटूनपालटून असावा.

आता बी-१२. इथे व्हीगन बाजूचा गैरसमज जास्त घातक आहे. न धुतलेल्या भाजीतून मिळतं, स्पिरुलिनातून मिळतं, आंबवलेल्या पदार्थांतून मिळतं, हे सगळं विसरा. बी-१२ जिवाणू तयार करतात आणि वनस्पतींतून ते भरवशानं मिळत नाही. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला निरुपयोगी रूप. गोळी घ्यावी लागते, किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ नियमित खावे लागतात. कमतरता वर्षानुवर्षं लपून राहते आणि मग मुंग्या, विस्मरण, पंडुरोग अशा रूपात बाहेर येते. मात्र दूध पिणाऱ्यांनीही निवांत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. ही माणसं व्हीगन नव्हती. कपभर चहातल्या दुधानं हे भागत नाही.

आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या फॉर्म्युल्याऐवजी बदामाचं, ओटचं किंवा नारळाचं दूध कधीही देऊ नये. गरोदर बाईनं आहारतज्ज्ञाला विचारूनच आहार बदलावा. आणि ‘दूध म्हणजे विष, दुधानं कॅन्सर होतो’ अशी भीती घालणाऱ्या प्रचारकांनी जनावरांची बाजू कमकुवतच केली आहे. जनावरांसाठी बोलायला शास्त्र वाकवावं लागत नाही.

महागाईचं म्हणाल तर पाकिटातलं बदामाचं दूध महाग आहे, व्हीगन जेवण नाही. भाकरी, ठेचा, भरली वांगी, कटाची आमटी, तेलावरचं थालीपीठ, मिसळ यांत दूध शोधावं लागेल. कोकणात-गोव्यात सोलकढी, खतखतं आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसातले शिरवाळे कुठल्याही चळवळीआधीपासून आहेत.

‘अंडं तर शाकाहारी असतं’

बाजारातलं अंडं फलित नसतं, त्यातून पिल्लू निघणार नव्हतं, हे बरोबर. पण अंडी देणारी कोंबडी ज्या हॅचरीतून येते, तिथे तिच्याइतकीच नर पिल्लंही निघतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी वेगळा वाण असल्यानं पोसणं परवडत नाही. बहुतेक पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीनं २०२२ पासून यावर बंदी घातली. वाचलेल्या मादीला पिंजऱ्यात कागदाच्या ए-फोर पानाहून मोठी जागा सहसा मिळत नाही. आपल्या विधी आयोगानं २०१७ मध्ये या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला आहे. तो वाचण्यासारखा आहे.

‘म्हणजे सोवळं-ओवळं नव्या नावानं’

हा संशय निराधार नाही. मांसाहारी भाडेकरूला घर नाकारणाऱ्या सोसायटीच्या दारात रोज सकाळी दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरतात. तिथे प्रश्न करुणेचा नसतो, जातीचा आणि धर्माचा असतो. महाराष्ट्रात साठेक टक्के लोक मांसाहारी आहेत, आणि गोवंशबंदीनंतर ज्यांच्या रोजगारावर, ताटावर आणि कधी जिवावर बेतलं ते बहुतेक गरीब, मुसलमान आणि दलित होते. व्हीगन विचार नीट समजून घेतला तर तो आधी तूपवाल्याला प्रश्न विचारतो, मग मटणवाल्याला. साजूक तुपातल्या शिऱ्यानं पावन झालेलं ताट त्याच्या लेखी बोंबलाच्या ताटापेक्षा वरचं नाही. पैठणीही सुटत नाही. रेशमासाठी कोश आतल्या किड्यासकट उकळतात.

‘शेतकऱ्याचं वाटोळं होईल’

व्हीगनांमुळे? देशातलं दूध वर्षागणिक वाढतंय. २०२३-२४ मध्ये ते २३ कोटी ९० लाख टनांवर गेलं. दूधउत्पादक अडचणीत आहे तो पशुखाद्य महाग आणि दूध स्वस्त म्हणून. २०२४ मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे अनुदान द्यावं लागलं ते त्यामुळेच. सोयाबीनचंही पाहा. व्हीगन लोकांमुळे सोया पिकवावं लागतं असं म्हणतात, पण जगातलं सुमारे तीन चतुर्थांश सोयाबीन जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातं. २०२१ मध्ये पोल्ट्रीसाठी बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, तेव्हा भाव पडले ते लातूरच्या शेतकऱ्याचे.

जनावर न मारता दूध काढायचा प्रयोगही झालेला आहे. इंग्लंडमधल्या अहिंसा डेअरी फाउंडेशननं गाय आटल्यावरही आणि खोंड झाला तरी त्यांना मरेपर्यंत सांभाळायचं ठरवून दूध विकायला काढलं. त्याचा भाव नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट निघाला. गणित साधं आहे : गाय वीस वर्षं जगू शकते, दूध जेमतेम पाच-सहा वेतं देते, आणि दर वेताला एक वासरू, तेही तितकंच जगणारं. आपल्या पिशवीच्या किमतीत हा खर्च धरलेला नाही. आज त्यातला काही शेतकरी सोसतो, काही गोशाळेची देणगी, आणि उरलेला ते जनावर स्वतः.