कर्जतच्या पावसातलं पोकर टेबल

कर्जत लोकलमध्ये चार माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसली, की मध्ये एक ब्रीफकेस आडवी येते. वर रुमाल अंथरला जातो आणि कल्याण यायच्या आत मेंढीकोटचा पहिला डाव संपलेला असतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात स्वस्त कार्ड टेबल! ब्रीफकेसच्या जागी आता सॅक आलीय, इतकंच. सप्टेंबर २०२५ मधल्या एका शनिवारी आमचा ग्रुप याच लोकलने निघाला होता, पण आम्हाला खरंखुरं टेबल हवं होतं. पोकरचं. आणि तेही स्वतः बनवलेलं.

ग्रुप म्हणजे दोन सॉफ्टवेअरवाले, एक सीए, एक वकील, एक एचआरवाली आणि पेपरात लिहिणारी मी. घर सीएच्या आजीचं. खालापूर तालुक्यात, कर्जत-खोपोली रस्त्यापासून थोडं आत, कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी. फार्महाऊस म्हणण्याइतकं ते झकपक नाही.

आयडिया मात्र एका सॉफ्टवेअरवाल्याची. त्याला आपण नुसतं 'तो' म्हणू या. दोन वर्षं तो मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत होता, रात्री अकरा ते दोन. आधी शंभर-दोनशे, मग पगारातला हिस्सा, मग क्रेडिट कार्ड. एकूण किती गेले हे त्याने सांगितलं, तेव्हा आमच्यातलं कुणी हसलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याच्या अॅपवरचा खेळ थांबला. त्यानंतर आठवड्याभरात त्याचा मेसेज आला, "मला पोकर सोडायचा नाहीये. पैसे लावणं सोडायचंय. टेबल बनवू या?"

एचआरवाली सरळ म्हणाली, "दारू सुटलेल्याला आपण बार बांधून देतोय का?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्याच्याकडेही नव्हतं. शेवटी नियम ठरले. कॅश नाही, जीपे नाही. सगळ्यांना सारख्या चिप्स आणि चिपची रुपयांत किंमत शून्य. संपल्या की आऊट, पुन्हा मिळणार नाहीत.

दोरीचं गणित

प्लायचा शीट मिळतो आठ बाय चार फुटांचा. दहा जण बसवायचे असतील तर अख्खा शीट घेऊन दोन्ही टोकं गोल करा, झालं लंबगोल टेबल. आम्ही सहा जण. म्हणून शीट मधोमध कापून चार बाय चारचे दोन चौकोन केले आणि दोन्ही अष्टकोनी कापले. एक खेळायला आणि दुसरा वरून झाकण म्हणून. झाकण ठेवलं की जेवायचं टेबल!

अष्टकोन काढायला मी मोबाइलवर फॉर्म्युला शोधत होते. खोपोलीहून आलेल्या सुतारकाकांनी कोपऱ्यात खिळा ठोकला, चौकोनाच्या मध्यापर्यंत दोरी ताणली आणि तीच दोरी फिरवून दोन्ही कडांवर खूण केली. असं चारही कोपऱ्यांवरून. माझा फॉर्म्युला नंतर सापडला. कोपऱ्यापासून १४ इंचांवर कापा, प्रत्येक बाजू सुमारे २० इंचांची येते. काकांच्या खुणा बरोब्बर तिथेच होत्या.

प्लाय घेताना इकडच्या हवेचा विचार करा. एमआर ग्रेड म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. नाव ऐकून वाटतं की पाऊस झेलेल, पण तो शहरातल्या कोरड्या बेडरूमसाठी ठीक. माथेरानच्या पायथ्याच्या पावसाला बीडब्ल्यूपी हवा, दुकानदार ज्याला मरीन म्हणतात तो. त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. जाडी १८ मिलिमीटर. आणि रंग किंवा वॉर्निश खालच्या बाजूलाही मारायचं, कडांनाही. एकच बाजू बंद केली तर दुसरी ओल पिते आणि टेबल पापडासारखं वाकतं. पाय सागाचे, उंची ३० इंच. यात काही विशेष नाही.

खरी मारामारी कापडावरून

कॅरम खेळलेल्या माणसाला पोकरचा पृष्ठभाग समजावणं अवघड जातं. कॅरमला सगळं सुळकन सरकायला हवं, म्हणून तर आपण पावडर टाकतो. इथे दोन उलट्या गोष्टी हव्यात. वाटलेलं पान चार फूट सरकून समोरच्यापाशी थांबलं पाहिजे, आणि पुढे ढकललेल्या चिप्सची चळत मात्र जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. शिवाय पान उचलताना बोट त्याच्या कडेखाली जायला हवं. नुसत्या लाकडावर ते जात नाही, नखाने कुरतडत बसावं लागतं. म्हणून प्लाय, त्यावर पाच मिलिमीटर फोम आणि त्यावर कापड. साधा स्पंज नको, तो पाणी पितो. योगा मॅटसारखा बंद छिद्रांचा ईव्हीए फोम घ्या.

कापडांचे पाच तुकडे जमवले. चार मंगळदास मार्केट आणि उल्हासनगरमधून, एक ऑनलाइन. पडवीत प्लायवर टाचून आठवडाभर तसेच ठेवले. पुढच्या शनिवारी प्रत्येकावर पानं फेकली आणि अर्धा-अर्धा कप चहा ओतला. (आजींनी हा प्रकार ओटीवरून पाहिला. काही बोलल्या नाहीत, पण पुढचा चहा मोजून आला.)

फेल्ट सगळ्यात स्वस्त आणि दिसायला अगदी सिनेमातल्यासारखं. पण हात लागून लागून त्यावर गोळे येतात, चहाचा डाग राहतो आणि आठवड्यात त्याला ओल्या सॉक्सचा वास यायला लागला. मखमलीवर हात फिरवला की रेघा उमटतात, पान मध्येच अडतं. रेक्झिन पुसलं की साफ, पण दमट हवेत पान त्याला चिकटतं. ते कडेला, कोपर टेकायला लावलं. बिलियर्ड्सचं लोकरी कापड हातांना सगळ्यात आवडलं, त्यावरून पान जातं ते राजासारखं! पण किंमत, आणि बंद घरात लोकर म्हणजे कसरीला आमंत्रण. जिंकलं ते ऑनलाइन आलेलं घट्ट विणीचं पॉलिस्टर, ज्याला स्पीड क्लॉथ म्हणतात. चहा त्यावर थेंबाथेंबाने उभा राहिला, फडक्याने टिपला. तक्रार एकच, जोरात वाटलं तर पान थेट समोरच्याच्या मांडीवर. ६० इंच पन्ह्याचं दीड मीटर पुरलं. रंग निळा. हिरवा 'त्यानेच' नको म्हटला. अॅपवर हिरवा होता.

फोम प्लायला चिकटवा, पण कापड फोमला चिकटवू नका, पुढे बदलायचं झालं तर पंचाईत होते. कापड खाली वळवून स्टेपल गनने मारायचं. आधी एका बाजूचा मध्य, मग बरोब्बर समोरच्या बाजूचा मध्य, असं आळीपाळीने कोपऱ्यांकडे. मी एका कोपऱ्यापासून शिस्तीत सुरुवात केली आणि टेबलाच्या मधोमध लाट आली. साठेक पिना उपटल्या. थोडी सुरकुती अजून आहे, एचआरवालीच्या जागेसमोर.

पत्तेही प्लास्टिकचेच घ्या. कागदी पत्ते इथे दोन पावसाळी रात्रींत फुगतात, पिसता येत नाहीत.

सीएने सुचवलं, दर वेळी प्रत्येकी शंभर रुपये टेबल-खर्चाला काढू या. वकिलाने तिथेच थांबवलं. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि जागेच्या मालकाने खेळातून फायदा काढणं हा त्यातला कळीचा मुद्दा. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. पोकरबद्दल हायकोर्टांचंही एकमत नाही, गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये तो नशिबाच्याच बाजूला टाकला. "मग कशाला भानगडीत पडता?" वकील म्हणाला. फार्महाऊसवर जुगाराचा छापा ही बातमी इकडच्या लोकांना नवी नाही. टेबलाचा खर्च आम्ही आधीच सहा भागांत वाटून मोकळे झालो. हरणाऱ्याने वडापाव आणायचा हा प्रस्तावही फेटाळला गेला.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी पहिला खेळ झाला. साडेनऊला त्याच्या चिप्स संपल्या. तिसऱ्या नंबरला आऊट. त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तो उठला, ओटीवर जाऊन बसला. दहाएक मिनिटांनी आत आला आणि उभ्यानेच म्हणाला, "पानं मी वाटू?" रात्री एकपर्यंत तोच वाटत होता. एचआरवालीला त्याने सुरकुती चुकवून पान कसं सरकवायचं हेही शोधून काढलं. तिचा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे. दर महिन्याला निघायच्या आधी ती त्याला फोन करून विचारते, "यायचंय ना नक्की?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तर टेबलावर झाकण बसवलेलं आणि आजी त्यावर तांदूळ निवडत होत्या.

"उंची चांगली ठेवलीत हो," त्या म्हणाल्या. "कंबर दुखत नाही."