हरलात, पण कितीने?

आमच्या आखाडा बाळापुरात टेनिस बॉलच्या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. हरलात की बॅट काखेत मारायची आणि घर गाठायचे. एका वर्षी मात्र साखळी सामने ठेवले आणि गुणलेखनाची वही माझ्याकडे आली.

आमच्या गल्लीच्या संघाविरुद्ध समोरच्यांनी आठ षटकांत ४८ धावा केल्या. आमची पोरे आडवेतिडवे पट्टे फिरवत पाच षटकांत ३० धावांत गारद झाली. पुढे दोन संघांचे गुण सारखे झाले, धावगती काढली आणि आमचा संघ बाहेर! पोरे माझ्यावरच धावून आली. "सर, पाच षटकांत तीस, म्हणजे आमचा रेटपण सहाच की!"

मंडळी, इथेच मेख आहे. निव्वळ धावगती काढताना आपल्या एकूण धावांना खेळलेल्या षटकांनी भागायचे आणि त्यातून प्रतिस्पर्ध्यांची तशीच काढलेली धावगती वजा करायची. पण संघ सर्वबाद झाला, तर खेळलेली नव्हे, ठरलेली पूर्ण षटके धरतात. म्हणजे तीस भागिले आठ, पावणेचार. समोरच्यांचे सहा. आम्ही सव्वादोनने उणे! आठ षटके नुसती टुकुटुकु खेळून ४४ केल्या असत्या, तरी हरलोच असतो. पण उणे फक्त अर्धा.

याच हिशेबावर एक अख्खा देश विश्वचषकाला पोचला आहे. जुलै २०२५ मध्ये नेदरलँड्समध्ये युरोपची ट्वेंटी-२० पात्रता स्पर्धा झाली. नेदरलँड्स, स्कॉटलंड, इटली, जर्सी आणि गर्न्सी असे पाच संघ, जागा दोन. जर्सी आणि गर्न्सी ही तर इंग्लिश खाडीतली चिमुकली बेटे. फुटबॉलवेड्या इटलीचा कर्णधार होता ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला जो बर्न्स, आणि संघात श्रीलंकेत, पंजाबात जन्मलेले खेळाडूही होते. त्यांनी स्कॉटलंडला १२ धावांनी हरवले. जर्सीविरुद्धचा सामना मात्र होऊ शकला नाही. एकेक गुण वाटून घेतला.

शेवटच्या दिवशी जर्सीने स्कॉटलंडला एका गड्याने हरवले आणि त्यांचे पाच गुण झाले. इटलीचेही पाचच होते. इटलीने नेदरलँड्सविरुद्ध २० षटकांत १३४ धावा केल्या आणि नऊ गडी राखून मार खाल्ला. पण नेदरलँड्सला त्यासाठी सतरावे षटक उजाडले. सामना आणखी तीनेक षटके आधी संपता, तर जर्सी पुढे गेली असती. हरून मैदानाबाहेर येणारे इटालियन खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते! २०२६ च्या विश्वचषकात इटली पहिल्यांदाच उतरली.

जर्सीच्या पोरांचे मात्र मला वाईट वाटते. जिंकून बाहेर बसणे काही सोपे नाही.

त्या दिवशी माझ्याशी सर्वांत जास्त भांडलेला आमचा यष्टिरक्षक आता गावातल्या पोरांना खेळ शिकवतो. सामना हातचा गेला आणि शेवटची जोडी खेळत असली, की तो सीमेबाहेरून ओरडतो, "मारू नका रे, ओव्हर खा, ओव्हर!"