खेळवणे हे काम आहे काय?



ज्या विषयावर बोलण्यासाठी मी उभा आहे त्याचा मी पंडित नव्हे. माझी शाळा आठवीतच सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, सभेला माणसे जमेपर्यंतच्या वेळात. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांची संघटना बांधण्यात माझी बरीच वर्षे गेली. परंतु ह्या बायका वर्गात नेमके काय करतात ते मला ठाऊक झाले फार उशिरा, आणि तेही एका फजितीमुळे.

मानधनवाढीच्या बोलण्यासाठी आम्ही एका अधिकाऱ्यांपुढे बसलो होतो. मी कामांची यादी वाचली. वजने घेणे, आहार शिजवून वाटणे, लसीकरणाला मुले गोळा करणे, घरभेटी, आणि रजिस्टरांचा तो ढीग. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, "हे ठीक आहे. पण उरलेला वेळ तर तुमच्या बाया मुलांना खेळवतात. त्याचेही पैसे मागता काय?" मी गप्प राहिलो. गप्प राहिलो, कारण मनातून मलाही तसेच वाटत होते. माझ्या यादीत खेळ नव्हताच. बाहेर पडल्यावर एक सेविका मला म्हणाली, "भाऊ, एकदा सकाळी वाडीत येऊन बसा. बोलू नका, नुसते बसा."

मी गेलो. चार ते सहा वर्षांची पंधरा-सोळा मुले होती. मधोमध पाण्याने भरलेले घमेले. शेजारी सुपात खडा, चिंचोका, सुके पान, खिळा, बाटलीचे बूच, स्टीलची वाटी आणि कणकेचा गोळा. एकेक वस्तू हातात घेऊन ताई विचारी, "हे बुडेल का तरंगेल?" मुले आधी सांगत, मग टाकून पाहत. खडा बुडाला, पान तरंगले, तोवर सर्वांचे एकमत होते. जड ते बुडते, असा सिद्धांत एका मुलीने बोलूनही दाखवला. मग ताईने खिळा टाकला, तो बुडाला. वाटी ठेवली, ती तरंगली. वाटी तर खिळ्यापेक्षा कितीतरी जड! मुलीने दोन्ही हातांत धरून वजन पाहिले, पुन्हा टाकले, पुन्हा पाहिले.

माझ्या जिभेवर उत्तर आले होते. ताईच्याही आले असणार. पण ती एवढेच म्हणाली, "तुला काय वाटते, का गं?" मुलगी म्हणाली, "वाटीला खळगा आहे." ताईने कणकेचा गोळा तिच्यापुढे सरकवला. बाकी एक अक्षर नाही. गोळा बुडाला. मुलीने तो बाहेर काढला, अंगठ्याने दाबून दाबून त्याची वाटी केली आणि अलगद पाण्यावर ठेवली. तीच कणीक तरंगू लागली. तेवढ्यात एका मुलाने तिच्यात पाणी ओतले आणि ती बुडाली. रडारड झाली, आणि त्या रडारडीतून नवा प्रश्न निघाला: पाणी आत गेल्यावर का बुडते?

आता ह्यातला कामाचा भाग पाहा. खिळ्याशेजारी वाटी ठेवायची हे कोणी ठरवले? कणीक घरून मळून कोणी आणली? आणि सर्वांत अवघड म्हणजे, ठाऊक असलेले उत्तर दाबून धरणे. तोंडावरचे उत्तर आवरणे किती कठीण असते ते सभेत बोलणाऱ्या माझ्यासारख्याला विचारा! उत्तर सांगितले असते तर मुलांनी ते पाठ केले असते आणि चौकशी तिथेच संपली असती. अंदाज बांधणे, करून पाहणे, अंदाज चुकला तर तो बदलणे, हे तीनही त्या मुलीने पाऊण तासात केले. कणीक दाबताना तिची बोटेही तयार झाली. पेन्सिल धरायला तीच बोटे लागतात. रजिस्टरमध्ये ताईने त्या दिवशी दोन शब्द लिहिले: 'पाण्याचा खेळ'.

मग मी पुस्तके धुंडाळू लागलो, आणि माझ्याच गोतातला एक माणूस भेटला. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा चालक रॉबर्ट ओवेन. पुढे 1834 मध्ये इंग्लंडातल्या कामगारांचा महासंघ उभारण्यात जो पुढे होता, तोच हा. 1 जानेवारी 1816 रोजी त्याने गिरणीकामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली आणि चालू लागलेल्या पोरांनाही तिच्यात घेतले. पुस्तकांचा जाच नको, मारणे-धमकावणे नको. भोवतालच्या वस्तू दाखवाव्यात आणि मुलाचे कुतूहल जागे होऊन ते विचारील तेव्हा गप्पांतून सांगावे, असा त्याचा दंडक. शिकवायला त्याने नेमले कोणाला? जेम्स बुकॅनन नावाच्या विणकराला आणि गिरणीतल्याच मॉली यंग ह्या सतरा वर्षांच्या मुलीला. मुले शाळेत बसली की आया कामावर निर्धास्त येतात, हा मालकाचा हिशेब त्यात नव्हता असे मी म्हणणार नाही. मालक तो मालकच. तरीही हे काम एका विणकराला साधले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

फ्रोबेलचे 'बालकांचे उद्यान' आणि 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत निघालेले मारिया मॉन्टेसरीचे बालगृह आपणांपैकी बहुतेकांना माहीत असेल. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. तेथे त्यांच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. परदेशी साधनांची किंमत खेड्याला कोठली परवडणार? त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. शब्द गेला, शिंपले मात्र पुष्कळदा मागेच राहिले. योजनेच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक होती. पण आहार मोजता येतो, वजन मोजता येते, आणि जे मोजता येते तेच वरून विचारले जाते.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण खेळातून आणि चौकशीतून व्हावे असे लिहिले. त्याहून मोठी गोष्ट आमच्या दृष्टीने 25 एप्रिल 2022 रोजी घडली. सेविका आणि मदतनीस यांना 1972 च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण चालते, हाही त्यातला एक आधार होता. ज्या खेळाविषयी मी गप्प बसलो होतो, तोच खेळ कोर्टात आमच्या बाजूने उभा राहिला!

अडचण आता दुसरीकडे आहे, आणि ती ह्या मंडपातही बसलेली आहे. चार वर्षांच्या मुलाची वही भरलेली दिसली नाही की आपण म्हणतो, येथे काही शिकवत नाहीत. आणि फी भरून त्याला अशा ठिकाणी घालतो जेथे तासभर हात बांधून बसवतात. त्या वाडीतल्या दोन मुलांची नावे अशीच निघून गेली. पट कमी झाला म्हणून जाब द्यावा लागला तो ताईला.

आमच्या पुढच्या मागणीपत्रात मी एक कलम घातले: सकाळचे दोन तास सेविकेला मुलांखेरीज दुसरे काम सांगू नये. ते अजून मंजूर झालेले नाही. मसुदा मी ताईला वाचून दाखवला, तेव्हा तिने त्याखाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली: 'कणकेसाठी पीठ, दर महिन्याला एक किलो.'